महागड्या डॅकने सरकणारा तो ‘पडदा’

‘भारी डॅक लावला की गाण्यावरचा पडदा सरकतो’ हा दावा ऑडिओच्या शौकिनांत कायम फिरत असतो. डॅक म्हणजे डिजिटल गाण्यातल्या आकड्यांचं हेडफोन-स्पीकरला लागणाऱ्या विद्युत लहरीत रूपांतर करणारं उपकरण. पुरावे ठरलेले: डिजिटल आवाज पायऱ्या-पायऱ्यांचा असतो, 32 बिटमध्ये जास्त बारकावे मिळतात, आणि शेवटी ‘कानाला कळतंच की’.

पायऱ्या दिसतात त्या जाहिरातीतल्या चित्रात. डॅकच्या आउटपुटला फिल्टर असतो; तिथे ऑसिलोस्कोप (विद्युत लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावा, गुळगुळीत लहर दिसेल. सीडीच्या 44.1 किलोहर्ट्झमधून, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुन्यांतून, 20 किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे कानाच्या हद्दीतला सगळा आवाज परत मिळतो, आणि हे साधा डॅकही करतो. गंमत अशी की फिल्टर काढून मुद्दाम पायऱ्या बाहेर सोडणारे ‘नॉस’ (नॉन-ओव्हरसॅम्पलिंग) डॅकही विकले जातात, त्यांतले काही भलतेच महाग!

32 बिट म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात कागदावर 192 डेसिबलचं अंतर. उत्तमोत्तम डॅकही 130च्या आसपास दमतो. खालचे बिट सर्किटच्याच खरखरीत बुडालेले असतात.

आता कान. दोन डॅकची तुलना करताना बहुतेकांची फसगत आवाजाच्या पातळीत होते. डॅकच्या मागे दोन प्रकारच्या जोडण्या असतात: आरसीए आउटपुट साधारण 2 व्होल्टचं, एक्सएलआर 4 व्होल्टचं. झाला 6 डेसिबलचा फरक. तो निदान लक्षात तरी येतो. अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ वाटतच नाही, ‘जास्त स्वच्छ’ वाटतो, आणि पडदा सरकतो तो इथेच. म्हणून आधी 100 हर्ट्झचा टोन वाजवून मल्टिमीटरने दोन्हींचे व्होल्टेज जुळवा. मग अदलाबदल दुसऱ्याला करू द्या, तुम्ही पाठ फिरवून ओळखा. 16पैकी 12 बरोबर आले तर मी गप्प बसेन.

मेयर आणि मोरन यांनी 2007मध्ये याच्याही पुढचा प्रयोग छापला. हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगच्या वाटेत त्यांनी 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचं, म्हणजे सीडीच्या दर्जाचं अख्खं जादा रूपांतर घुसवलं आणि ते ऐकून ओळखता येतं का ते पाहिलं. 554 चाचण्यांत बरोबर उत्तरं 276. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती.

लॅपटॉपच्या जॅकमधून खरखर येत असेल तर बाहेरचा डॅक जरूर घ्या, पण साधाच पुरतो. आणि चार्जर काढल्यावर घरघर थांबत असेल तर तो बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगच्या वायरींतून फिरणारा नको असलेला प्रवाह. महागड्या डॅकच्या यूएसबी वायरीतूनही तो येऊ शकतो. तिथे ऑप्टिकल केबल लावा; तिच्यातून वीज नाही, प्रकाश जातो.