दारू, कपालभाती आणि 21 दिवस: एका मेसेजला उत्तर

भजनी मंडळापासून सोसायटीपर्यंत सगळ्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: दारू सोडायला डॉक्टर नको, गोळ्या नकोत. आजच बाटली फेका, उद्या पहाटेपासून कपालभाती आणि अनुलोम-विलोम सुरू करा. 21 दिवसांत लिव्हर धुऊन निघतं, व्यसन मुळासकट जातं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत हे सिद्ध झालंय. इस्पितळवाले दारू सोडवून गोळीची सवय लावतात. एवढं करूनही जो परत पितो, त्याच्यात इच्छाशक्तीच नाही.

गोव्यात, फोंड्याला मी योगवर्ग घेते, म्हणून हा मेसेज 'मॅडम, तुमच्या कामाचं' असं लिहून मला हमखास येतो. तेव्हा उत्तरही मीच दिलेलं बरं.

"आजच बाटली फेका." मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच, आणि त्यालाच कोणी हरकत घेत नाही. शनिवार-रविवार मित्रांबरोबर बसणाऱ्याने किंवा काजूच्या हंगामापुरतं हुर्राक घेणाऱ्याने बाटली फेकली, तर काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची गोष्ट वेगळी. दारू मेंदूला मंदावते; रोजच्या दारूला तोंड देता देता मेंदू स्वतःचा वेग वाढवून बसतो. ती एकदम बंद झाली की तो वाढलेला वेग मोकाट सुटतो. 6 ते 24 तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: नसलेले किडे भिंतीवर दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावते. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. आपल्याकडे मात्र बाधा झाली म्हणून कौल लावायला धावणारी घरं अजून आहेत.

या दिवसांत इस्पितळात डायझेपामसारखी औषधं देतात आणि मात्रा उतरवत बंद करतात. शिवाय थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात, कारण त्याच्या अभावाने स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. यातलं एकही काम प्राणायाम करत नाही. म्हणून नवऱ्याला नाहीतर मुलाला वर्गात घालायला आलेल्या बायकांना मी आधी विचारते: सकाळी उठल्यावर त्यांचे हात थरथरतात का? ते थांबवायला घोट लागतो का? आधी कधी सोडताना फिट आली होती का? एकालाही 'हो' आलं, तर आधी बांबोळीचं मानसोपचार इस्पितळ, चटई नंतर.

लिव्हर धुऊन निघण्याबद्दल थोडक्यात. दारूमुळे लिव्हरवर साठलेली चरबी दारू बंद केल्यावर काही आठवड्यांत उतरू शकते, पण ते श्रेय न पिण्याचं आहे, कपालभातीचं नाही. सिरॉसिस झालेलं, म्हणजे व्रण पडून कडक झालेलं लिव्हर असं पूर्ववत होत नाही. उलट त्या अवस्थेत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असू शकतात. अशा माणसाला पोटाला हिसके देणाऱ्या क्रिया नाहीतर शीर्षासन सांगणाऱ्या शिक्षकाने आधी त्याचे रिपोर्ट बघावेत.

निम्हान्सचा अभ्यास खरा आहे. 2006 साली तो प्रसिद्ध झाला. दारूचं व्यसन असलेले 60 रुग्ण, त्यातल्या निम्म्यांना दोन आठवडे सुदर्शन क्रिया हा श्वसनाचा प्रकार. त्यांचं नैराश्य दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरलं, ताणाशी निगडित संप्रेरकंही कमी झाली. चांगलीच गोष्ट. पण क्रिया सुरू झाली ती इस्पितळात आठवडाभर डिटॉक्स, म्हणजे दारू उतरवण्याचे उपचार झाल्यावर, आणि मोजलं ते नैराश्य. दारू कायमची सुटली का, हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. मेसेजवाल्याने नेमका तो आठवडा गाळला.

21 चा आकडाही योगातला नाही. 1960 मध्ये मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने नोंदवलं होतं की रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. पुढे 'किमान' गळलं आणि चेहराही गळला. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला 18 ते 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला. पतंजलींनी तर योगाचा सराव दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने करायला सांगितलाय. तीन आठवड्यांची हमी त्यांनी कुठेही दिलेली नाही.

गोळीची सवय? डायझेपामची लागू शकते, म्हणूनच ती मोजक्या दिवसांत बंद करतात. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट या नंतर पिण्याची ओढ कमी करायला देतात त्या गोळ्यांना नशाच नाही. डायसल्फिराम या दारू सोडवायच्या गोळीबद्दल एक सांगायलाच हवं: ती घेऊन दारू प्यायली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ती पिणाऱ्याला न सांगता हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत कालवणाऱ्यांनो, कृपा करून थांबा.

राहिली इच्छाशक्ती. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन ही व्यसनमुक्ती संस्था सुरू केली, तेव्हा आसनांच्या जोडीला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची बारा पावलं आणि माणसांचा गट घेतला. इतका मुरलेला योगी माणसाला एकट्याच्या निश्चयावर सोडत नाही आणि मेसेज सोडतो. गोव्यातल्याच 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने केलेली चाचणी 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. घातक प्रमाणात पिणाऱ्या, पण व्यसनाच्या टोकाला न गेलेल्या पुरुषांशी मानसोपचाराची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक जास्तीत जास्त चार वेळा बोलले. तीन महिन्यांनी 36 टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीच्या सेवेत ते प्रमाण 26 टक्के होतं. फरक पडला तो कोणीतरी समोर बसून बोलल्याने. आणि उरलेल्या 64 टक्क्यांना नालायक ठरवून कोणी हाकललं नाही, पुढचा उपाय शोधायचा असतो.

बोलायला ओळखीचं कोणी नको असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नाव सांगावं लागत नाही.