प्रत्येक वेळी ट्रकच कसा येतो?

दिवाळी अंक उघडला की ही कथा भेटतेच. मुलगा आईची खोटी सही करून घर विकतो आणि शेवटच्या पानावर त्याला ट्रक उडवतो. झालं, मिळालं म्हणे कर्माचं फळ! अरे, पण त्या सहीचा आणि त्या ट्रकचा संबंध काय? ट्रक नसला तर कॅन्सर. याची तर मला चीडच येते. आजार म्हणजे पापाची शिक्षा, असं छापताना तो अंक एखादी बाई केमोच्या रांगेत बसून वाचत असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही? नाहीतर मग बायको ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणते आणि आयुष्यभराचा छळ दोन ओळींत माफ!

फ्रेंच कथाकार मोपासाँची १८८४ सालची हाराची कथा बघा. मातिल्द मैत्रिणीचा हार हरवते, खरं सांगत नाही. ३६,००० फ्रँकचा दुसरा हार गुपचूप परत करते आणि नवरा-बायको १० वर्षं कर्ज फेडत राहतात. मोलकरीण काढावी लागते, घर सोडावं लागतं, हात भांडी घासून खराब होतात. अपघात नाही, दैवी कोप नाही. एक वाक्य बोललं नाही, त्यातून हे सगळं.

त्या सही करणाऱ्याला जगू द्या ना! आईच्या ताटात भाजी वाढू द्या, भाऊबीजेला बहिणीसमोर पाटावर बसू द्या. कथा तिथं सुरू होते आणि आमचे लेखक नेमके तिथंच पेन खाली ठेवतात.