कशी वाटली नवी साइट?

वेबसाइटचं रूप पालटून झाल्यावर वापरणाऱ्यांचं मत विचारणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन वर त्याचं वजन वहीत टिपून ठेवणं. तरी ते करावंच लागतं. नवी साइट सुरू होऊन तास उलटत नाही तोच पहिला अभिप्राय येतो: 'जुनीच बरी होती.' मागोमाग दुसरा: 'हे कोणाच्या डोक्यातून निघालं?' तिसऱ्यात शब्दच नसतात, नुसता खाली वळलेला अंगठा. जुनीला 'ही एकदाची बदला हो!' म्हणून वर्षानुवर्षं शिव्या घालणारी मंडळीही हीच. साइट हयात असताना तिच्याबद्दल चार बरे शब्द बोलायला कोणी पुढे आलं नाही; गेल्यावर मात्र तिच्यासारखी गुणी दुसरी झाली नाही.

यात लबाडी नसते. रोजची साइट माणूस डोळ्यांनी वापरत नाही, हाताने वापरतो. लॉगिन उजव्या कोपऱ्यात, पावती डावीकडून तिसरी, हे त्याच्या मनगटात मुरलेलं असतं. आपण ते बटण चार बोटं सरकवलं की दोन सेकंदांच्या कामाला वीस लागतात, आणि उरलेले अठरा सेकंद तो जे पुटपुटतो ते आपल्या अभिप्रायांच्या पेटीत येऊन पडतं. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या 'आवडलं नाही'वर मी झोप उडवून घेत नाही. 'जमलं नाही' असं लिहिलेलं मात्र एकही सोडू नये.

खरा छळ असा की आरडाओरडा किती झाला यावरून बदल चुकला की बरोबर हे कळतच नाही. फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड, म्हणजे मित्रांनी काय काय केलं याची पहिल्याच पानावर चालती यादी, आणली तेव्हा लोकांनी निषेधाचे गट फेसबुकवरच काढले, आणि कोण कोण त्यात सामील झालं ही बातमी त्याच फीडने घरोघर पोचवली. फीड टिकली. लोकांच्या मतांवर बातम्या वर-खाली करणाऱ्या डिग या साइटने ऑगस्ट २०१० मध्ये चौथी आवृत्ती आणली तेव्हाही असाच गदारोळ झाला. लोक उठून रेडिट या तसल्याच दुसऱ्या साइटवर गेले आणि २०१२ मध्ये डिग तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. आवाज दोन्हीकडे सारखाच. फेसबुकवरच्या रागाच्या पोटात एक खरी अडचण होती, आपलं काय कोणाला दिसावं यावर ताबा नव्हता. तो ताबा काही दिवसांत मिळाला. डिगने मात्र नको ती बातमी खाली ढकलायचं बटणच काढून टाकलं होतं. तेव्हा शिव्या मोजत बसण्यापेक्षा शिवीच्या आत काय आहे ते उकरावं.

उकरायला घ्यावं तर हाती लागतं ते असं: 'मेनू गायब. लवकर बघा.' कुठल्या पानावर, मोबाइल की संगणक, काय करत होता, काही नाही. 'स्क्रीनशॉट पाठवाल का?' असं विचारलं की मोबाइलने काढलेला मॉनिटरचा फोटो येतो. आडवे पट्टे, कोपऱ्यात खिडकीचं प्रतिबिंब, खाली अंगठा. हसू येतं, पण असल्या फोटोची मी कदर करतो, कारण रीतसर स्क्रीनशॉट नेमका पानापुरता कापलेला येतो आणि या फोटोत सगळं घरदार आलेलं असतं. पत्त्याच्या पट्टीकडे नीट बघा. तिथे भिंगाचं बारीक चिन्ह दिसलं तर पान झूम केलेलं आहे आणि मेनूचं गूढ तिथेच उकललं. लॅपटॉपचा पडदा १३६६ पिक्सेल रुंद, झूम १५० टक्के. म्हणजे साइटच्या दृष्टीने पडदा उरला जेमतेम ९१० पिक्सेलचा. बूटस्ट्रॅप हा साइट बांधायचा तयार साचा वापरणारे बरेच जण ९९२ पिक्सेलच्या खाली मोबाइलचा मेनू दाखवतात. मेनू गेला कुठेच नाही, वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांत जाऊन बसला. त्या माणसाला त्या रेघा सजावट वाटल्या. त्यात त्याचा काय दोष? 'झूम कमी करा' हे उत्तर देणाऱ्याला तर चष्मा काढून दिवसभर कामाला बसवावं. २०० टक्क्यांपर्यंत अक्षर मोठं केलं तरी सगळं वापरता आलं पाहिजे असं सुगम्यतेचे, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे, निकषच सांगतात. रेघांच्या शेजारी 'मेनू' असा शब्द लिहिला की ही तक्रार बहुतेक मिटते.

'डोळ्यांना त्रास होतो' ही तक्रारही नाजूकपणा म्हणून सोडून देतात. रंगाच्या कोडमध्ये सहा वेळा नऊ लिहिलं की जो राखाडी मिळतो तो डिझायनर लोकांचा फार लाडका. पांढऱ्यावर त्याचं कॉन्ट्रास्टचं (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं) गुणोत्तर २.८५ भरतं, साध्या मजकुराला किमान ४.५ लागतं. मोजायला अर्धं मिनिट पुरतं, पण त्याआधी 'हा एस्थेटिकचा भाग आहे' यावर अर्धा तास चर्चा होते.

पहिल्या दिवशीच्या 'सगळं वाकडंतिकडं दिसतंय'चं कारण साधारण एकच. पान नवं, पण त्याचं रंगरूप ठरवणारी सीएसएस फाइल ब्राउझरने कॅशेत जपून ठेवलेली जुनी. आमच्या धंद्यात यावर 'कंट्रोल धरून एफ ५ दाबा' हा मंत्र चालतो. मोबाइलवाल्याने एफ ५ कुठून आणायचं हे मंत्र देणारा सांगत नाही. फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घाला, ब्राउझर गुपचूप नवी उचलतो आणि मंत्राची गरजच राहत नाही.

आता मत विचारण्याचा फॉर्म. तो बहुधा पॉप-अप होऊन तिसऱ्या सेकंदाला अंगावर येतो. पानावरचं चित्रही अजून पुरतं उतरलेलं नसतं आणि विचारणा होते, 'आमचं नवं, आकर्षक, सुटसुटीत रूप आपल्याला किती आवडलं?' पर्याय: खूप, खूपच, अतिशय. मोबाइलवर तो बंद करायची फुली कुकीच्या पट्टीखाली दबलेली असते. शिवाय 'साइटचा वेग आणि मांडणी समाधानकारक आहे का?' असा जोडप्रश्न. वेग बरा आणि मांडणी भिकार असेल तर माणसाने काय टिचकवायचं? पाच ताऱ्यांची तऱ्हा वेगळीच. लोक एक तरी देतात नाहीतर पाच. आणि १ ते ५ असे नुसते आकडे ठेवले तर पहिला नंबर दिल्याच्या उदार भावनेने १ दाबून खाली 'एक नंबर साइट!' असं लिहिणारेही निघतात.

फॉर्म काम झाल्यावर दाखवावा, पावती मिळाली किंवा अर्ज गेला त्या पानावर. अर्ध्यात अडलेल्यांसाठी प्रत्येक पानाच्या तळाशी साधा दुवा ठेवावा, म्हणजे तो कशावर चढून बसत नाही. प्रश्न तीन पुरेत: आज कशासाठी आलात? काम झालं का? झालं नसेल तर कुठे अडलं? शेवटच्या प्रश्नाला मोकळी जागा द्यावी. पानाचा पत्ता, ब्राउझर आणि पडद्याची रुंदी फॉर्मनेच टिपून घ्यावी आणि घेतो आहोत हे खाली स्पष्ट लिहावं. ईमेल ऐच्छिक. नाव, वय, व्यवसाय विचारू नये. मेनू सापडत नसलेल्या माणसाच्या वयाशी आपल्याला काय करायचंय?

साहेबांना आकडा हवाच असतो. त्यासाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली दहा विधानांची मोजपट्टी आहे, सिस्टिम युजेबिलिटी स्केल. विषम क्रमांकाची विधानं कौतुकाची, सम क्रमांकाची कुरकुरीची, प्रत्येकाला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं). विषमच्या उत्तरातून १ वजा करायचा, समचं उत्तर ५ मधून वजा करायचं, सगळ्यांची बेरीज करून २.५ ने गुणायचं. शंभरापैकी आकडा येतो. यातली खुबी बघा: न वाचता सरसकट ५ दाबत गेलेल्याचे ५० भरतात, सरसकट १ दाबणाऱ्याचेही ५० आणि सरसकट ३ वाल्याचेही ५०. असे कागद सहज ओळखू येतात, ते बाजूला काढावेत. ६८ ही साधारण सरासरी मानतात. आता ६८ म्हटलं की बैठकीत सगळ्यांना शाळेची गुणपत्रिका आठवते आणि फर्स्ट क्लास मिळाल्याचा आनंद होतो. ते टक्के नाहीत हे सांगणारा माणूस त्या दिवशी कोणाला आवडत नाही. त्याहून नावडता प्रश्न म्हणजे 'जुन्या साइटचे किती होते?' ते कोणी मोजलेलेच नसतात. मोजणी जुनी उतरवायच्या आधी करायची असते. नंतर 'आधी कशी होती?' असं विचारलं तर उत्तर वरच्या पहिल्याच परिच्छेदातलं येतं.

माझा खरा भरवसा साइट वापरणाऱ्याच्या शेजारी बसून बघण्यावर. नील्सन आणि लँडाउअर या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबात एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात. त्याप्रमाणे पाच माणसांत जवळपास ८५ टक्के. हे एकाच तऱ्हेच्या वापरकर्त्यांना आणि त्याच कामांना लागू. स्क्रीनरीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे, कीबोर्डवरच चालणारे यांना वेगळं बसवावं लागतं. आणि पाचातले चार अडले म्हणून '८० टक्के लोक अडतात' असं कोणी सादरीकरणात लिहिलं तर ती स्लाइड तिथल्या तिथे पुसावी. पाच माणसं काय बिघडलंय ते दाखवतात, किती जणांचं ते नाही.

काम देताना बटणावरचा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही. 'तक्रार नोंदवून दाखवा' म्हटलं की माणूस 'तक्रार' हा शब्द शोधत फिरतो आणि आपली साइट सोपी ठरते. 'मागवलेली वस्तू फुटकी आली, आता काय कराल?' असं विचारा. मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. समोरचा माणूस बटणाच्या अगदी अंगावरून माउस नेतो, थांबतो, परत जातो, आणि आपली जीभ वळवळायला लागते. ज्याने ते बटण बनवलंय त्याला तर शेजारच्या खोलीतच बसवावं, नाहीतर तो 'अहो, ते काय वर उजवीकडे!' म्हणतोच. चार मिनिटं धडपडून काम न झालेला माणूस शेवटी काय म्हणतो? 'छान आहे हो साइट. मीच जरा गोंधळलो.' कागदावर त्याचं बोलणं नव्हे, त्याची पहिली टिचकी कुठे पडली ते लिहायचं.

जे बोलतच नाहीत ते नोंदींत सापडतात. साइटवरच्या शोधाच्या चौकटीत लोकांनी काय टाइप केलं, त्यातल्या कशाला शून्य उत्तरं आली, ही यादी म्हणजे न विचारता आलेला सर्व्हे. सर्व्हरवरच्या ४०४ च्या, म्हणजे 'पान सापडलं नाही'च्या, नोंदी बघाव्यात: लोकांनी बुकमार्क केलेली जुनी पानं तिथे रांगेने मरून पडलेली असतात. ज्यांना जास्त मागणी त्यांना आधी ३०१ (पान कायमचं हललं असं सांगणारा कोड) लावून नव्या जागी धाडावं. सगळ्यांना सरसकट मुखपृष्ठावर नेऊन सोडू नये, फॉर्म शोधायला आलेला माणूस तिथे हरवतो. पहिल्या आठवड्यात भेटी वाढल्याचा आलेख येतो. त्यातून आपल्याच ऑफिसच्या भेटी वजा करा आणि मग पेढे वाटा. 'लोक पानावर आता दुप्पट वेळ थांबतात' हे वाक्यही टाळ्या घेतं. लेखाच्या पानावर असेल तर ठीक. बिल भरण्याच्या पानावर लोक दुप्पट वेळ थांबत असतील तर ते रमलेले नाहीत, अडकलेले आहेत.

जमलेल्या ढिगाची वर्गवारी करताना माणूस काय करायला आला, कुठे अडला, किती जणांनी सांगितलं, एवढे रकाने पुरतात. सूचना वेगळ्या रकान्यात. 'मोठं लाल बटण द्या' याचा अर्थ त्याला आहे ते बटण दिसलं नाही, इतकाच घ्यायचा. सगळ्यांच्या सूचना ऐकल्या तर पानावर लाल बटणांखेरीज काही उरणार नाही. कधी सूचना जशीच्या तशी चालते हेही खरं. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३ मध्ये नव्या रूपात ओळी अरुंद केल्या, दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेवरून लोक चिडले. तिथे पान रुंद करायचं बटण आहे आणि तंटा बराचसा तिथे सुटतो. ज्याने काम अडतं ते आज, ज्याने उशीर होतो ते या महिन्यात, नुसतं नजरेला खुपतं ते सवय होईपर्यंत तसंच. मग बैठकीत ही यादी मांडायची आणि साहेबांच्या मेहुण्यांना निळा रंग पटला नाही या एकमेव अभिप्रायावर पाऊण तास ऐकायचं.

दुरुस्ती झाली की ज्यांनी ईमेल दिला त्यांना एका ओळीत कळवावं. ते इतके चकित होतात की पुढच्या वेळी नीट स्क्रीनशॉट पाठवतात. राहता राहिली ती पेटी, फॉर्मवरचे अभिप्राय मेलने जिथे येतात ती. तिसऱ्या आठवड्यात अभिप्राय एकदम आटतात आणि 'लोकांना सवय झाली' असं जाहीर होतं. जाहीर करण्यापूर्वी स्वतःच्या मोबाइलवरून एक फॉर्म भरून बघावा. साइट नव्या सर्व्हरवर गेली आणि तिथून मेल पाठवायची परवानगी देणारी एसपीएफची नोंद जुनीच राहिली, किंवा फॉर्मने भरणाऱ्याचाच पत्ता प्रेषक म्हणून लावला, की मेल-सर्व्हरला तो मेल बनावट वाटतो आणि तो स्पॅममध्ये जातो. स्पॅमचं फोल्डर तीस दिवसांनी आपोआप रिकामं होतं, ही सोय बहुतेक ठिकाणी असते. तेव्हा एकोणतिसाव्या दिवसाच्या आत उघडावं.