किती झालं?

सांगलीत कुणी "किती झालं?" असं विचारलं, तर तो हॉटेलातलं बिल विचारतोय की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं पाणी, हे महिना बघून ओळखायचं. जुलै-ऑगस्टात एकच अर्थ. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे इथल्या पोरांना बे एके बेच्या आधी पाठ होतं. तेव्हा फूट या मापाबद्दल आम्हाला कुणी काही शिकवायची गरज नाही, असं मी धरून चाललो होतो. मग आम्ही काचा पुसायची लांब काठी घ्यायला निघालो.

आधी धंद्याचं सांगतो. मी बँकेत कॅशियर होतो, म्हणजे चौतीस वर्षं काचेच्या आत बसलो. बाहेरून काच कशी दिसते ते रिटायर झाल्यावर भाच्याने दाखवलं. तो वालचंद कॉलेजचा मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परत आला आणि म्हणाला, "मामा, जिकडं बघावं तिकडं दर्शनी भाग काचेचा करायलेत. बसवणारे ढीगभर, पुसणारं कोण न्हाई." हिशेब बरोबर होता. त्याने डोकं घातलं, मी फंडातले पैसे घातले, आणि मग माणूस ठेवणं परवडेना म्हणून स्वतःलाही घातलं.

पहिले तीन महिने शिडीवर निघाले. एक शोरूम, एक बेकरी, मोबाइलची दोन दुकानं. तो वर, मी खाली शिडी धरून. शिडी धरायला कसब लागत नाही, फक्त वर चढलेला माणूस आपला असावा लागतो. पण एकदा बेकरीसमोरच्या ओल्या फरशीवर शिडीचा एक पाय चार बोटं सरकला. भाचा वरून काही बोलला नाही. मीही खालून काही बोललो नाही. रात्री ताईचा फोन आला. "तू चढलास तर माझा भाऊ, तो चढला तर माझा पोरगा. दोघांतलं कुणीबी शिडीवर दिसलं तर मी येऊन शिडीचं सरपण करीन." तिला कुणी सांगितलं ते अजून कळलेलं नाही. बेकरीवाल्यावर माझा संशय आहे.

नेमकं त्याच आठवड्यात गावभागाकडच्या एका तीन मजली दवाखान्याचं काम मिळालं. समोरचा सगळा भाग निळ्या काचेचा. शिडी बंद, परांची बांधायचा खर्च कामाच्या दुप्पट. उरली काठी. खाली उभं राहायचं आणि वरची काच पुसायची. परदेशात अशाच काठ्या वापरतात, भाच्याने सांगितलं. किती लांब घ्यायची एवढाच प्रश्न होता.

उंची मोजायला गेलो तर तिथल्या वॉचमनने भाच्याला मोबाइल काढूच दिला नाही. त्याने आम्हाला गेटच्या भिंतीपाशी नेलं. छातीएवढ्या उंचीवर रंगाने एक रेघ मारलेली होती.

"२०१९ ला पानी हितवर आलतं. तवा आयर्विनला ५७ होतं. म्हंजे रस्ता धरा ५३ ला. रस्त्यापास्नं वरची काच २८ फूट. ५३ नि २८?"

"८१," मी म्हणालो. कॅशियरला बेरीज दिसली की राहवत नाही.

"हां. वरची काच ८१ ला. तेवढं झालं तर पुसायला तुमी लागायचाच न्हाई, आपोआप धुऊन निघंल."

मी भाच्याकडे बघितलं. भाचा वॉचमनकडे असा बघत होता, की याला वालचंदला कुणी शिकवायला का नेलं नाही.

तर २८ फुटांवर काच, तेव्हा २८ फुटी काठी. माझा हिशेब संपला होता. भाच्याचा तिथे सुरू झाला. भिंतीला चिकटून उभं राहून काच पुसता येत नाही, मान मोडते आणि घाण पाणी थेट तोंडात येतं. दहा फूट मागे उभं राहायचं. काठी छातीशी धरायची, म्हणजे जमिनीपासून चार फुटांवर. वर राहिले २४, आडवे १०. २४ आणि १० चा कर्ण २६, बरोब्बर २६, शाळेतल्या गणितासारखा. हाताच्या खाली धरायला आणखी तीन फूट. झाले २९. म्हणून ३० फुटी.

त्यातही एक गोम आहे. विकणारे काठीवर दोन आकडे लिहितात. एक काठीची लांबी आणि दुसरा 'रीच', म्हणजे पोच. पोच मोजताना काठी धरणाऱ्या माणसाची उंचीही त्यात धरलेली असते. तो माणूस कोण ते लिहीत नाहीत. माझी उंची ५ फूट ३ इंच. काठीबरोबर तोही माणूस पाठवणार असतील तर हरकत नव्हती.

आता सल्ले. शेजारचे अण्णा मूळचे तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. त्यांच्या मते काठी ही विकत घ्यायची वस्तूच नाही, तोडायची वस्तू आहे. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून दोन कळक आणून दारात टाकले. बुडाला मनगटाएवढे, शेंड्याला अंगठ्याएवढे आणि मध्ये हरिपूरच्या अलीकडे कृष्णा घेते तसलं एक वळण. शेंड्याला सुतळीने वायपर बांधला. कळक उभा केला तेव्हा वायपर काचेकडे न जाता शेजारच्या घराकडे बघत होता. फिरवला तर आमच्याकडे. अण्णा म्हणाले, "ह्याच्यानं शेवग्याच्या शेंगा अशा काढतो बघा." काढत असतील. शेंगेला कुठल्या बाजूने ओढलं याच्याशी देणंघेणं नसतं.

रंगाऱ्याने त्याचा रोलरचा रॉड दिला, तो पहिल्या मजल्यावर संपला. गणपती पेठेतल्या हार्डवेअरवाल्याने पाइप दाखवला आणि विचारलं, "कंपाउंडला का बोअरला?" काचेला म्हटल्यावर त्याने गिऱ्हाईक वेडं असल्यासारखा चहा मागवला.

मग ॲल्युमिनियमची आली. २० फुटी, तीन नळ्या एकात एक, पिळून घट्ट करायच्या. मुद्दाम लहान घेतली होती, आधी हात बसू दे म्हणून. रविवारी सकाळी कॉलनीत चाचणी ठेवली ही माझी चूक. सांगलीत रविवारी सकाळी कुणी उंच काहीतरी घेऊन उभा राहिला तर माणसं भडंगाची पुडी घेऊन बघायला येतात.

काठी आडवी होती तोवर शहाणी होती. उभी करायला सुरुवात केली आणि मधोमध पोट काढून ती वाकली. टोकाला पाण्याने निथळणारा वायपर, म्हणजे नेमकं वजन नको तिथे. मी बुडखा पायाने दाबला, भाचा हातावर हात टाकत पुढे सरकत गेला, आणि एकदाची ती उभी राहिली. उभी म्हणजे डोलत. मी उजवीकडे ढकलली की टोक क्षणभर विचार करून डावीकडे जायचं. जोतिबाच्या चैत्र पौर्णिमेला सासनकाठी नाचवतात तेव्हा चारी बाजूंनी दोर धरून माणसं असतात, हे का, ते मला त्या दिवशी कळलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलंच, "जोतिबाच्या नावानं..." आणि सगळी कॉलनी म्हणाली, "चांगभलं!" त्या आवाजाने माझा हात हलला आणि वायपरने दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवरून साबणाचा एक लांब पट्टा ओढला.

पण खरा घात कुलपाने केला. पिळायचं कुलूप कोरड्या हाताने छान बसतं. साबणाच्या हाताने ते बसलंय असं फक्त वाटतं. वरची नळी सूं करून मधल्या नळीत आली, मधली खालच्या नळीत, आणि खालच्या नळीच्या तोंडावर माझं बोट होतं. नख पंधरा दिवस कच्च्या वांग्याच्या रंगाचं होतं. तेव्हापासून कुणी मला काठीची लांबी सांगितली की मी आधी कुलूप विचारतो. बाहेरून खटका दाबून आवळायचं हवं, सैल झालं तर स्क्रूने कसता येणारं, आणि ओल्या हाताला कळेल असं.

भाच्याने संध्याकाळी वहीवर आकृती काढून दिली. आडवी धरलेली काठी स्वतःच्या वजनाने किती झुकते ते लांबीच्या चौथ्या घातावर जातं. लांबी दुप्पट, झोक सोळापट. व्याजाचे असले दर आमच्या बँकेत असते तर मी आज काचा पुसत नसतो. म्हणून ३० फुटी घ्यायची तर ती ताठ हवी. ताठ आणि हलकी हवी तर कार्बन फायबर, जे बॅडमिंटनच्या रॅकेटला आणि मासेमारीच्या गळाच्या काठीला वापरतात. किंमत ऐकून बायको म्हणाली, "अहो, एवढ्यात काचाच नव्या बसवून द्या त्यांना."

आम्ही तरीही घेतली असती. दवाखान्याच्या एका अंगाला विजेचा खांब नसता तर.

ॲल्युमिनियममधून वीज जाते हे सगळ्यांना माहीत. कार्बनमधूनही जाते, हे ती काठी किती हलकी आहे हे सांगणारा माणूस आपणहून सांगत नाही. आमच्या ओळखीचा एक वायरमन आहे, त्याला नेऊन दाखवलं. त्याने वर बघितलं, ११ हजार व्होल्टची लाईन असल्याचं सांगितलं, मग काठी कशाची ते विचारलं आणि ऐकून घेतल्यावर म्हणाला, "साहेब, कशाचीबी आणा. सुकी ग्लास फायबर वीज नेत न्हाई. तुमची सुकी कवा असनार हाय?" यावर आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. त्या बाजूच्या चार काचा आम्ही करारातूनच काढून टाकल्या. त्या काचा दवाखान्याचा माणूस आतून, हात बाहेर न काढता पुसतो तेवढ्याच पुसल्या जातात, आणि तशाच बऱ्या आहेत.

शेवटी ग्लास फायबरची घेतली. कार्बनपेक्षा जड, जरा जास्त झुकणारी, पण आमच्या खिशाला आणि माझ्या झोपेला झेपणारी. काच पुसायला काचेचीच काठी, असा विनोद मी चार ठिकाणी केला. कुणी हसलं नाही.

या काठीला वायपर नसतो. आतून पाण्याची नळी जाते, टोकाला ब्रश आणि ब्रशमध्ये बारीक भोकं. घासायचं, धुवायचं, तसंच सोडून द्यायचं. पुसायचं नाहीच. रबरी पातीचा तो हलका वायपर १९३६ साली अमेरिकेत एत्तोरे स्टेकोने नावाच्या इटालियन माणसाने पेटंट केला, तो आम्ही आत्ता कुठे नीट धरायला शिकलो होतो, तेवढ्यात तो जुना झाला.

पुसायचं नाही म्हणजे पाण्यात काही असता कामा नये. पाणी वाळतं, क्षार काचेवर राहतात. भाच्याने पाण्यातले क्षार मोजणारा, पेनासारखा टीडीएस मीटर आणला आणि आमच्या बोअरच्या पाण्यात बुडवला. ११४०. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं समजतात. काचेला दहाच्या आत हवं. म्हणजे माणसापेक्षा काचेचं पोट नाजूक. घरातल्या आरओचं पाणी मोजलं तर ७०. आमचं पिण्याचं पाणी दवाखान्याच्या काचेला चालणार नव्हतं.

अण्णांनी लगेच उपाय सांगितला: बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. शंभरफुटी रोडवर हव्या तेवढ्या बॅटरीच्या दुकानांत मिळतं. ब्रशमधून मिनिटाला दीड-दोन लिटर जातं, पाच लिटरच्या कॅनचं काम तीन मिनिटांत खलास. दुकानदाराने विचारलं असतं, इन्व्हर्टर किती घरांचा आहे. मग आरओच्या पुढे उरलेले क्षार ओढून घेणारी रेझिनची नळकांडी बसवली. मीटरने शून्य दाखवलं तेव्हा भाच्याने मला पेढा दिला. मी ते पाणी चाखून बघितलं. चव नव्हतीच. ऐन परीक्षेत कोरा पेपर दिल्यासारखं.

रेझिन आणि पाण्याच्या टाकीचा खर्च मी वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवलाय. ते पान बायकोने अजून उघडलेलं नाही.

आता काठी किती बाहेर काढली हे कळायला हवं. वायरपासून अंतर ठेवायचं तर अंदाजाने चालत नाही. भाच्याने नळ्यांवर फुटाफुटाला ऑइलपेंटने पांढऱ्या रेघा मारल्या आणि दर पाचाला आकडा टाकला. पाणी मोजायच्या पट्टीसारखी दिसायला लागली. मी तसं म्हणालोही.

जुलैतली गोष्ट. चार दिवसांची झड थांबून जरा उघडीप पडली होती, म्हणून सकाळीच दवाखान्यावर गेलो. मी बुडखा धरून, मान वर, डोळ्यात थेंब. भाचा खटके उघडून नळ्या वर सरकवतोय. मला आकडे दिसत नव्हते.

"किती झालं?" मी ओरडलो.

"पंचवीस!"

"अजून?"

"सव्वीस! वाढतंय, वाढतंय... अठ्ठावीस!"

मागे एक मोटारसायकल कचकन थांबली. मागे दुधाची किटली. माणसाने रेनकोटची टोपी मागे सारली. "काय सांगता! अठ्ठावीस? सकाळी बाविसावर होतं की. कोयनेतनं सोडलं का काय?"

मी काठी सोडून वळू शकत नव्हतो. "तसं नाही ओ," म्हणेपर्यंत त्याने फोन कानाला लावला होता. "दादा, उठ. मळीतनं म्हशी वर आण. होय, अठ्ठावीस. एक माणूस हितं पट्टीच घेऊन हुबा हाय."

"तीस!" भाचा वरच्या काचेकडे बघत आनंदाने ओरडला.

"तीस झालं, दादा, तीस! पळ!"