पार्सनिप, मी आणि कुंपणावरचे आजोबा

काल शनिवारी परत तेच. मी मागच्या अंगणात ढोपरं टेकून मातीत नाक खुपसून बसलोय आणि कुंपणावरून आवाज, "काय मेट, कोणाला पुरतोयस?"

हे आमचे शेजारचे आजोबा. आम्ही राहतो रेडिंगला, आणि इंग्लंडात रिटायर झालं की पेन्शनबरोबर चहाचा मोठा मग आणि दुसऱ्याच्या वाफ्यावर बोलायचा हक्क पण मिळत असावा.

पार्सनिप म्हणजे ते पांढरट गाजर, नाताळात भाजून खातात ते. धणे, जिरं, ओवा, बडीशेप यांच्याच कुळातलं, म्हणून म्हटलं जमेल. पण मेथी तिसऱ्या दिवशी डोकं काढते, धणे रगडून टाकले तर आठ-दहा दिवसांत हिरवं दिसतं, आणि या साहेबांना उगवायलाच तीन-चार आठवडे. आमच्याकडे मे उजाडला तरी पत्ता नाही.

"पेरलंस कधी?"

"फेब्रुवारीत."

आजोबा असे हसले की मगातला चहा आमच्या बाजूला सांडला. "गारठलेल्या मातीत? कुजलं असणार ते. एप्रिलमध्ये पेरतात!"

अहो पण पाकिटावर ठळक छापलंय, फेब्रुवारी ते मे!

"पाकीटवाल्यांना बी खपवायचं असतं." मग सुरूच झाले. बी ताजंच हवं, वर्षभरात मरतं, जुनं पाकीट सरळ फेकून द्यायचं. खडे नकोत, नाहीतर मुळाला दोन पाय फुटतात. रोप उपटून दुसरीकडे लावायचं नाही. फ्रॉस्ट पडेपर्यंत काढायचं नाही, थंडीनं स्टार्चची साखर होते. आणि पाल्याचा चीक लागलेले हात उन्हात ठेवायचे नाहीत, फोड येतात. आत्याच्या लग्नात वरपक्षाच्या पण एवढ्या अटी नव्हत्या! आणि एवढं करून नाताळच्या आठवड्यात सुपरमार्केटवाले हेच पार्सनिप पिशवीभर चिल्लरमध्ये विकणार.

"तुमच्या देशात बरं, बी फेकलं की उगवत असेल," आजोबा म्हणाले.

इथे मात्र मला हसू आलं नाही. पावसानं दडी मारली की साताऱ्याकडे आमच्या वडिलांनी दुबार पेरणी केलीय, परत बियाण्याला उसने पैसे काढून. फेकलं की उगवतं म्हणे. पण हे कुंपणावरून कोणाला सांगणार, मी आपलं "येस येस" केलं.

बरं, ओळ कुठे आहे ते कळावं म्हणून मध्ये मुळ्याचं बी टाक, हा सल्ला पण त्यांचाच. मुळे झकास आले, लाल टपोरे, आणि जुड्याच्या जुड्या आजोबांकडे गेल्या.

संध्याकाळी बेल वाजली. दारात आजोबा, हातात पार्सनिपच्या बियांचं फोडलेलं पाकीट, पाकिटाच्या तोंडाला कपड्याचा चिमटा. "घे, माझ्याकडे उरलं होतं." तारीख बघितली तर दोन वर्षांपूर्वीची.

"थँक्यू सो मच," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"वेलकम. मुळे आहेत का रे अजून?"