हवेशीर जावई

बुटाच्या खोक्यावर लिहिलं होतं, 'पायाला श्वास घेऊ द्या.' गेल्या रविवारी ठाण्याला, बायकोच्या चुलतभावाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला, माझ्या पायाने श्वास सोडला आणि तो जमलेल्या सगळ्या मंडळींनी घेतला.

मे महिना, दुपार, सातवा मजला, लिफ्ट बंद. याहून जास्त वर्णन करत नाही. दाराशी बूट काढले. मोजे काढावेत की ठेवावेत हे ठरायच्या आत "या या, जावईबापू" करत कुणीतरी मला आत ओढलं आणि मी चकचकीत टाइल्सवर ओले ठसे उमटवत चालत गेलो. एक चार वर्षांचं कार्टं त्या ठशांवर पाय टाकत माझ्यामागून आलं आणि ओरडलं, "आई, काकांची लक्ष्मी आली!" सगळे हसले. मीही हसलो. सासरच्या वास्तुशांतीला जावयाने हसायचंच असतं, तो आहेराचाच भाग आहे.

इथवर ठीक होतं. मग अप्पा आले.

अप्पा म्हणजे बायकोचे थोरले काका. गिरणगावातल्या एका कापड गिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लँटवर त्यांचं आयुष्य गेलं. साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून हवेत मुद्दाम ओलावा सोडतात आणि कोरड्या बल्बाचा अन् ओल्या बल्बाचा पारा बघत बसतात; दोन थर्मामीटरांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो. ते काम अप्पांचं. गिरणी गेली, तिच्या जागी टॉवर आला, पण अप्पांच्या डोक्यातला प्लँट कुणी बंद केलेला नाही. कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी पंखा बघतात, मग खिडकी, मग माणसं. माझ्या लग्नात स्टेजवर येऊन, माझ्या डोक्यावर अक्षता टाकून, ते मला पहिलं वाक्य बोलले होते, "हॉलचा एक्झॉस्ट उलटा बसवलाय."

तर पूजा तिसऱ्या अध्यायात होती. साधुवाणी नवस बोलत होता. अप्पा आत 'क्रॉस व्हेंटिलेशन नाही' म्हणून दाराच्या पॅसेजमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी नाक वर केलं. मग खाली केलं. मग पायाने माझा बूट पुढे ओढला.

"हे कुणाचे?"

बायकोने, माझ्या सख्ख्या बायकोने, माझ्याकडे बोट दाखवलं.

"जावईबापू, नवीन का?"

"हो अप्पा. हवेशीर आहेत."

"कोण म्हणतं?"

"खोक्यावर लिहिलंय."

अप्पांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. बूट उलटा केला, वाकवला, उजेडाकडे धरला, आत मनगटापर्यंत हात घातला. बैल बाजारात माणसं बैलाचे दात बघतात तसं चाललं होतं, फक्त इथे बैल मी होतो.

"इनलेट कुठंय?"

"ही वरची जाळी."

"बरं. आउटलेट?"

मी जरा वेळ घेतला. "तीच."

"म्हणजे यायची वाट तीच, जायची वाट तीच. एका दाराच्या खोलीत वारा कधी वाहिलाय का हो?" मग आतल्या हॉलकडे मान वळवून, "या बिल्डरनेही तेच केलंय म्हणा." चुलतभावाने नुकतंच वीस वर्षांचं कर्ज काढलंय. पूजेला बसलेला असल्यामुळे त्याला काही बोलता येईना, पण पळीतलं पाणी सांडलं.

अप्पांनी नखाने जाळी खरवडली. "जाळीच्या खाली काय? फोम. फोमच्या खाली? अस्तर. अस्तराच्या आत मोजा. कसला, नायलॉनचा?"

"कॉटनचा आहे."

"भिजला की भिजलाच मग तो. खिडकी ठेवायची आणि आतून भिंत बांधायची, असं डिझाइन आहे हे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं असं बायको म्हणते. मला ते मान्य नाही. बूट माझा होता. मी म्हटलं, "अप्पा, चालताना आपोआप पंपिंग होतं. टाच दाबली की गरम हवा बाहेर जाते, उचलली की थंड आत येते."

"पंपिंग होतं, कबूल. पण तीच हवा आतल्या आत ढवळली जाते. भात्याला झडप लागते. झडप कुठंय?"

झडप नव्हती. मला अशी शरम वाटली की जणू कारखान्यात झडप बसवायची पाळी माझीच होती.

"साचेखात्यात एवढा ओलावा आणायला आम्हाला फवारे लावावे लागत," अप्पा आता पॅसेजमधल्या सगळ्यांना उद्देशून बोलत होते. "जावईबापूंनी तो एकट्याने आणलाय. या बुटात साचा बसवला असता तर दिवसभरात एक धागा तुटला नसता."

आणि मग ते उठून पूजेच्या चौरंगाजवळ गेले आणि पेटलेली उदबत्ती घेऊन आले.

"अहो!" काकू आतून किंचाळल्या. "देवापुढची आहे ती!"

"देवाला हवा कळते," अप्पा म्हणाले. "हवा कशी चालते ते धुराशिवाय दिसत नाही. आमचे इंजिनिअर साहेब डक्टला असंच बघत."

त्यांनी उदबत्ती बुटाच्या आत, टाचेच्या बाजूने सरकवली. आतली मंडळी आता देवाकडे पाठ करून पॅसेजकडे तोंड करून बसली होती. धूर बुटात गोल फिरला आणि जिथून उदबत्ती आत गेली होती त्याच तोंडातून निवांत वर आला. जाळीतून काही नाही. एक रेष नाही. "बघितलंत?" अप्पा म्हणाले. पोरांनी बघितलं. गुरुजींनीही पोथीवरून डोळे उचलून बघितलं. एका मेहुण्याने मोबाइलवर घेतलं, आणि माझ्या बुटातून धूर निघतानाचा तो व्हिडिओ आता तीन जिल्ह्यांतल्या नातेवाइकांकडे आहे.

मग चर्र आवाज आला. पॉलिएस्टरची जाळी होती, ती वितळली. अंगठ्याच्या वर वाटाण्याएवढं भोक पडलं आणि त्यातून धुराची सरळ, देखणी रेघ बाहेर आली.

"हं!" अप्पांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. "झालं आउटलेट."

आतून त्याच क्षणी सत्यनारायणाचा जयजयकार झाला.

बुटाची किंमत साडेतीन हजार होती. ती कुणी विचारली नाही.

रागारागाने रात्री वाचत बसलो, तेव्हा कळलं की अप्पांचा जन्म चुकीच्या देशात झालाय. इटलीतला एक वाइनवाला, मारिओ मोरेत्ती पोलेगातो, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नेवाडामधल्या रेनो या गावी गेला होता. तिथे उन्हात फिरताना रबरी तळव्यांच्या बुटात पाय भाजायला लागले, तेव्हा त्याने खिशातल्या चाकूने तळव्यांना सरळ भोकं पाडली. पाय गार झाले. पण भोकातून हवा जाते तसं पाणीही येतं, म्हणून त्याने पुढे भोकांवर एक पडदा बसवला, जो वाफ बाहेर सोडतो आणि पाणी आत घेत नाही. त्यातून 'जिओक्स' ही कंपनी उभी राहिली आणि माणूस अब्जाधीश झाला. त्याने स्वतःच्या बुटाला भोक पाडलं, हा मुद्दा मी अप्पांना फोन करून सांगणार होतो. बायकोने फोन काढून घेतला.

शिवाय त्या पडद्यांचीही एक गोम आहे. १९६९ साली बॉब गोर नावाच्या अमेरिकन माणसाने टेफ्लॉनला हिसका देऊन ताणलं आणि अतिसूक्ष्म छिद्रांचा पदार्थ निघाला. थेंब त्यातून जाऊ शकत नाही, वाफ जाते. पण वाफ काही उत्साहाने बाहेर पडत नाही. आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती जाते. आल्प्समध्ये ठीक आहे. इथे आत घाम आणि बाहेर ठाणे. वाफेने जायचं कुठे? म्हणजे पुन्हा अप्पांचा ओला बल्ब आणि कोरडा बल्ब. ही बातमी खोक्यावर छापत नाहीत.

वासाबद्दलही एक खुलासा मला जाहीरपणे करायचा आहे. घामाला वास नसतो. दोन्ही पावलांत मिळून अडीच लाखांच्या आसपास घर्मग्रंथी असतात आणि त्यांचा माल जवळजवळ निव्वळ खारट पाणी असतो. वास करतात ते जिवाणू. घामातले आणि मेलेल्या कातडीतले पदार्थ खाऊन ते आयसोव्हॅलेरिक आम्ल सोडतात. युरोपात लिम्बर्गर नावाचं एक चीज आहे, त्याला पायांसारखा वास येतो, कारण दोन्हीकडचे जिवाणू एकमेकांचे भाऊबंद आहेत. मलेरियाच्या डासांना पाय आणि ते चीज सारखंच आवडतं, हे दाखवणाऱ्यांना २००६ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं मिश्कील बक्षीस, मिळालं. तिकडे त्या चीजचे पैसे मोजतात. आणि २०२५ चं अभियांत्रिकी डिझाइनचं इग नोबेल कुणाला मिळालं? आपल्याच विकाश कुमार आणि सार्थक मित्तल यांना, वास मारणाऱ्या बुटांमुळे शू-रॅक वापरण्याच्या सुखावर काय परिणाम होतो याच्या अभ्यासासाठी. त्यांनी कायटोकोकस सेडेंटॅरियस हा गुन्हेगार जिवाणू धरला आणि रॅकमध्येच अतिनील दिवा लावायचा उपाय काढला. लोक हसले असतील. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. जिथे दर दाराशी बूट काढावा लागतो त्याच देशात हे सुचणार. पुष्कळ देशांत माणूस सकाळी बूट चढवतो आणि आपलं गुपित घेऊन रात्री घरी येतो. आमचं गुपित पंचांगात मुहूर्त बघून चव्हाट्यावर येतं.

तुम्ही म्हणाल, मग चप्पल घाला. घातली असती. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं, एक पट्टा, एक अंगठा, दोन कान. कोल्हापुरीला व्हेंटिलेशनचं डिझाइन करावंच लागलं नाही, कारण पाय मुळात झाकलाच नव्हता. २०१९ साली तिला महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने तसल्याच चपला मिलानच्या रॅम्पवर चालवल्या, इकडे आरडाओरड झाली, मग प्रेरणा भारतातली असल्याचं कंपनीने मान्य केलं. मिलानला चालते ती चप्पल आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये चालत नाही. सर्क्युलर आहे: बंद बूट, काळे किंवा तपकिरी, मोज्यांसह. म्हणून तर मी लांबून फॉर्मल दिसणारी काळी जाळी घेतली होती. ज्यांनी सर्क्युलर काढलं ते बेसमेंटमध्ये एसी गाडीतून उतरतात आणि एसी लिफ्टने वर येतात. त्यांच्या पायाला हवामान माहीतच नाही.

आमच्या गेटवर जो सिक्युरिटीवाला उभा असतो त्याला ते माहीत आहे. बारा तास, डांबरावर, काळे रेक्झिनचे बूट, जाळीबिळी काही नाही. सोमवारी मी त्याला विचारलं, "पाय जळत नाहीत का हो?" तो म्हणाला, "बूट एजन्सीचे आहेत साहेब. पगारातून कापलेत." मला पुढे काय बोलावं सुचेना. मी माझं भोक त्याला दाखवणार होतो, ते राहिलं.

संध्याकाळी बूट परत द्यायला दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने बूट बोटाच्या टोकावर धरला.

"सर, याला भोक आहे."

"अरे, भोकांचाच बूट आहे हा."

"ती कंपनीची भोकं. हे तुमचं. कसं पडलं?"

"टेस्टिंग करताना. बायकोच्या काकांनी केलं."

"कशाने?"

"उदबत्तीने."

त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने बूट नाकाजवळ नेला, लांब केला, परत जवळ नेला आणि म्हणाला, "मोगरा का?"

मी त्याला इनलेट आणि आउटलेट समजावून सांगितलं. झडप नाही, हेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, वॉरंटी मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टला असते. धार्मिक कारणांना नसते," तो म्हणाला. "पण याच्यावर मोजे आलेत आपल्याकडे. हवेशीर. दोनावर एक फ्री."