लागलेले गाणे आणि लावलेले गाणे

गेल्या आठवड्यात सकाळी स्वयंपाकघरातून सूनबाईंनी विचारले, "अप्पा, हे गाणे तुम्ही लावलेय की आपोआप लागलेय?" तिला आवाज कमी करायचा होता, आणि मी मुद्दाम लावलेले असेल तर मला विचारल्याशिवाय करायचा नव्हता, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. पण मला उत्तर पटकन देता आले नाही. पाऊण तासापूर्वी मोबाईलवर मी एक अभंग लावला होता, हे खरे. त्यानंतर फोनने स्वतःच्या मनाने एकामागून एक काय काय वाजवले, याकडे पेपर वाचताना माझे लक्ष नव्हते. त्या क्षणी चालू असलेली गझल मी लावली नव्हती, आणि तरी ती माझ्याच फोनवर, माझ्याच नावाच्या खात्यावर चालू होती.

गाणे ऐकण्याची साधने कशी बदलली याविषयी लिहिणारे बहुतेक जण आवाजाविषयी लिहितात. तबकडीचा आवाज भरदार होता, कॅसेटमध्ये मागे सूं सूं ऐकू येई, सीडी स्वच्छ होती, वगैरे. माझे कान आता पासष्टीच्या पुढचे आहेत आणि हे फरक मला खरे तर ऐकूही येत नाहीत. मला बदल जाणवतो तो 'लागणे' आणि 'लावणे' या आपल्याच दोन क्रियापदांत.

रेडिओवर गाणे लागत असे. सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडे होती आणि रेडिओ दोन. त्यांतल्या आमच्या रेडिओचे लायसनचे पुस्तक वडील दरवर्षी पोस्टात नेऊन शिक्का मारून आणत. बटण फिरवल्यावर आतल्या व्हॉल्व्ह तापेपर्यंत काही आवाजच येत नसे. मग रेडिओ सिलोन लाटांवर आल्यासारखे मोठे होई, बारीक होई, आणि नेमक्या अंतऱ्याला दुसरेच कुठले तरी स्टेशन आत शिरे. सिनेमाची गाणी ऐकायला परदेशी केंद्र का लावावे लागे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. १९५२ पासून माहिती व नभोवाणी मंत्री असलेल्या बा. वि. केसकरांना चित्रपटगीते आकाशवाणीच्या योग्यतेची वाटत नव्हती, आणि त्याच वर्षी सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्रावर, अमीन सायानींचा बिनाका गीतमाला हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. श्रोते तिकडे वळले. पाच वर्षांनी, १९५७ च्या ऑक्टोबरात, आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. आवडीचे गाणे लागले की वाड्यात कोणी तरी ओरडून "लागलं, लागलं!" म्हणे आणि नळावर बादली तशीच टाकून माणसे दाराशी येत. ते गाणे परत कधी लागेल हे कोणाच्याच हातात नसल्यामुळे त्या तीन मिनिटांत कोणी बोलत नसे.

'लावणे' तबकडीबरोबर आले. पण आमच्यासारख्या घरांत ग्रामोफोन कधी नव्हताच, त्यामुळे त्याविषयी मी थोडक्यातच लिहितो. लाखेपासून केलेल्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटे मावत. १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हापासून मोठमोठ्या गवयांनी तासभराचा राग तेवढ्या जागेत बसवला. आपले चित्रपटगीतही तीन-साडेतीन मिनिटांचे झाले, ते मुख्यतः या तबकडीमुळे. १९४८ मध्ये अमेरिकेत एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि एका बाजूला वीसएक मिनिटे मावू लागली. सोलापुरात मला तबकड्या भेटल्या त्या मांडववाल्याकडे. लग्नघरावर कर्णा बांधला की गल्लीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडच्या दहा-बारा तबकड्या दिवसभर ऐकायच्या. लावणारा एकटा तो. बाकी सगळ्यांसाठी ती गाणी लागतच होती.

खऱ्या अर्थाने 'लावणे' आमच्या हातात आले ते कॅसेटमुळे, आणि तिथे मला थोडे थांबायचे आहे. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये काढली, तरी आपल्याकडच्या सामान्य घरांत ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी आली. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या खांद्यावर टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला संच, असायचाच. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने कॅसेट इतकी स्वस्त केली की ती पानाच्या टपरीवरही मिळू लागली. तोवर या देशातले ध्वनिमुद्रण मुख्यतः एका मोठ्या कंपनीच्या हातात होते, आणि मोठ्या कंपनीला मोठे गिऱ्हाईक लागते. कॅसेट काढायला फारसे भांडवल लागत नसल्यामुळे तेलुगू भजने, कन्नड वचने, भीमगीते, कव्वाल्या, खंडोबाची गाणी, सगळ्यांना जागा झाली. चार भाषांच्या या गावात त्याचा अर्थ असा झाला की आमच्या घरापासून नवी पेठेपर्यंत चालत गेले तर कानावर चारही भाषा पडत. भीमसेन जोशी कन्नड भजनेही गातात हे मला एका हॉटेलच्या गल्ल्यावरच्या टेपमुळे कळले. तोवर ते मला फक्त विठ्ठलाचे वाटत.

त्या काळात 'कॅसेट भरून घेणे' हा एक स्वतंत्र व्यवहार होता. फुलस्केप कागदावर गाण्यांची यादी लिहून रेकॉर्डिंगच्या दुकानात द्यायची, साठ मिनिटांची सी-६० की नव्वद मिनिटांची सी-९० ते सांगायचे, आणि आठ दिवसांनी न्यायला जायचे. (हे कायद्यात बसत नाही हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी आम्ही ऐकले नसते.) सी-९० मध्ये एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे मावत. फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे १२९ मीटर फीत असते. ती सगळी फीत जाताना एक बाजू वाजते, परतताना दुसरी. कापडाच्या, सगळे मीटरवर मोजणाऱ्या या गावात मला हा हिशेब फार आवडतो. एवढी लांबी त्याच डबीत बसवायची म्हणून सी-९० ची फीत पातळ असे आणि ती गुंतेही लवकर. मग पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचे.

बँकेत लागल्यानंतर, १९८४ मध्ये, मी अशी एक सी-९० भरून घेतली. दोन्ही बाजूंची गाणी मी आठवडाभर विचार करून क्रमाने मांडली होती. घरी आणून ऐकली, तर पहिल्या बाजूच्या शेवटी मी न लिहिलेले एक तेलुगू गाणे, तेही दोन मिनिटे वाजून मध्येच खट् करून तुटलेले. मी तणतणत दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "मालक, कोरी फीत परत द्यायची पद्धत नाही आपल्यात. दोन मिनिटं उरली होती, भरली." त्याच्या दृष्टीने रिकामी जागा ठेवणे म्हणजे कमी माप देणे होते. पुढे बारा-पंधरा वर्षे ती कॅसेट वाजली, आणि ते अर्धे गाणे मला माझ्या निवडीच्या गाण्यांइतकेच पाठ झाले. फीत पुढे पळवून त्या दोन मिनिटांना टाळता आले असते. पण त्यासाठी उठून बटण दाबायचे, अंदाजाने थांबवायचे, चुकले की मागे न्यायचे, एवढा खटाटोप कोण करणार?

या टाळण्याच्या कष्टाला मी फार महत्त्व देतो. सीडीने ते कष्ट संपवले, एका बटणात पुढचे गाणे. १९८२ मध्ये जगाच्या बाजारात आलेली सीडी आमच्याकडे नव्वदीत पोचली, महाग होती, आणि तिच्याशी माझे कधी जमले नाही. खरा गोंधळ एमपी३ या गाण्याची फाइल लहान करणाऱ्या पद्धतीने घातला. कानाला फारसे जाणवणार नाही ते गाळून टाकायचे, हे तिचे तंत्र. त्यामुळे नेहमीच्या दर्जाला गाणे मूळ सीडीवरल्या आकाराच्या सुमारे अकराव्या हिश्श्यात, मिनिटाला साधारण एक एमबी इतके, बसते. रस्त्याकडेला दीडशे गाण्यांच्या सीडी मिळू लागल्या. एका कॅसेटभर गाण्यांचा क्रम मी आठवडाभर लावला होता. दीडशेचा क्रम कोण लावतो?

तरी 'भरणे' राहिले होते. मोबाईलच्या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील' अशा पाट्या आल्या. मेमरी कार्ड द्यायचे, दुकानातल्या पोराने संगणकाला जोडायचे आणि विचारायचे, "काय भरू? जुनी, नवी, भक्तिगीतं, तेलुगू?" ती यादी नव्हे, नुसती वर्गवारी झाली. माझ्या कार्डात त्याने 'जुनी' म्हणून जे चारशे भरले त्यांतली निम्मी मी कधी ऐकलीच नाहीत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि वर्षा-दोन वर्षांत त्या पाट्याही उतरल्या. आता भरायचे काहीच नाही. सगळे कुठे तरी दूर भरलेले आहे आणि आपण ते भाड्याने ऐकतो. एका अॅपवर मी दोन वर्षे जमवलेल्या यादीतली अकरा गाणी एका रात्रीत करडी झाली. दाबले तर वाजत नाहीत, कारण कोणी सांगत नाही. कॅसेट गुंतायची, पण रात्रीतून दुसऱ्याची होत नसे.

आता गाणे पुन्हा 'लागते', रेडिओसारखेच. मी एक लावतो, पुढची वीस लागतात. फरक एवढाच, आणि माझ्या मते तो फार मोठा आहे, की रेडिओवर लागलेले गाणे वाड्यातल्या नऊ बिऱ्हाडांसाठी एकच होते, आणि हे फक्त माझ्यासाठी लागते, तेही मी काल काय ऐकले ते पाहून. कानडी भजन मला आवडेल हे फोनला कधी कळणार? मी ते आधी ऐकलेले असेल तेव्हा.

माझ्या एका मित्राचा शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना आहे. पूर्वी त्याच्या शेडमध्ये खांबाला एक टेप टांगलेला असे. मागांच्या खडखडाटावर मात करायला तो पूर्ण आवाजात ठेवावा लागे आणि कॅसेट कोणाची लावायची यावरून प्रत्येक पाळीत भांडणे होत. कालपरवा गेलो तर टेप नाही, भांडण नाही. प्रत्येकाच्या कानात इअरफोन. एक तेलुगू ऐकतो, शेजारचा कन्नड, तिसरा क्रिकेट. मित्राची तक्रार मात्र वेगळी आहे. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा भाग, नीट जातो आहे की नाही हे जुन्या विणकराला कानाने आधी कळते, डोळ्याने नंतर, आणि कान बंद असलेला माणूस माग बिघडल्यावर धावतो. त्याने इअरफोनला बंदी केली आहे. ती कोणीही पाळत नाही.

मी हे सगळे हळहळून लिहितो आहे असे वाटेल, म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, सगळ्यांनी मिळून ऐकण्याचे आजचे रूप म्हणजे मिरवणुकीतला डॉल्बी, आणि त्याची बाजू मी घेणार नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम २००० सालापासून आहे. मात्र माझ्या खिडकीच्या काचा त्याआधी, संध्याकाळी सातलाच, थरथरतात.

दुसरी गोष्ट वाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या अक्कांची. त्या विड्या वळत. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कातरलेली पाने, हजार विड्या झाल्याशिवाय दिवस संपत नसे. मुलाने हौसेने टेप आणून दिला तर त्या म्हणाल्या, "बाजू संपली की कोण उठणार? हाताला तंबाखू आहे." कॅसेट उलटायला उठणे म्हणजे दहा-बारा विड्यांचा खोळंबा. त्या शेवटपर्यंत रेडिओच ऐकत राहिल्या. लावण्याचे स्वातंत्र्य ज्याचे हात मोकळे आहेत त्याच्यासाठी असते, हे मला तेव्हा सुचले नव्हते. आज त्यांच्या नातसुनेसमोर डब्याला टेकवलेला मोबाईल असतो आणि तासन्तास हात न लावता तेलुगू गाणी चालू राहतात. तिच्या बाबतीत फोनने कोणाचे काय बिघडवले?

ते अर्धे तेलुगू गाणे मला तीन वर्षांपूर्वी पूर्ण सापडले. बँकेतल्या एका निवृत्त सहकाऱ्याला मी चाल गुणगुणून दाखवली, त्यांनी शब्द सांगितले, आणि फोनने ते क्षणात काढून दिले. साडेचार मिनिटांचे आहे. ती कॅसेट वाजवणारा टेप आता नाही, त्याचा रबरी पट्टा चिकट होऊन विरघळला आणि तसा दुसरा मिळाला नाही, म्हणून मी ते फोनवरच लावतो. दोन मिनिटे होत आली की कान त्या खट् आवाजासाठी तयार होतात. तो येत नाही, बासरी सुरू होते आणि गाणे पुढे जाते. पुढचे दोन अंतरे आजही मला कोण्या दुसऱ्याच गाण्याचे वाटतात.